दहा अंशांखाली

बस गचका देऊन थांबली तेव्हा माझा हात पेटीवर नव्हता. एक विद्यार्थी विजेच्या स्कूटरवरून बससमोर आडवा आला, ड्रायव्हरने वेल्शमध्ये एक आणि इंग्रजीत एक अशा दोन शिव्या हासडल्या, आणि माझ्या पायांशी ठेवलेली निळी पेटी घसरत जाऊन मधल्या खांबावर आदळली. झाकण उघडलं. बर्फाचे दोन ठोकळे सीटखाली गेले आणि शिंपल्यांची पिशवी पेटीच्या काठावर अर्धी लोंबत राहिली. मग पिशवीतून टक, टक असा आवाज येऊ लागला, ओल्या लाकडावर नखाने वाजवावं तसा. समोरच्या सीटवरच्या आंटी बेरिलने पाय वर घेतले.

"अगं बाई! जिवंत आहेत की हे!"

"शिंपले आहेत, आंटी बेरिल. घाबरून मिटतायत."

"मीसुद्धा मिटले असते. गुडघे ऐकत नाहीत म्हणून." तिने छत्रीच्या टोकाने बर्फाचा एक ठोकळा माझ्याकडे ढकलला आणि पिशवीकडे निरखून पाहिलं. "हेविनच्या, तुझ्या बापाच्या वाफ्यातले ना? खायला नेतेस की तपासायला?"

"तपासायला."

"आज?" तिने खिडकीतून वर पाहिलं. आभाळ आता धुतल्यासारखं निळं होतं, त्यामुळे तिचा प्रश्न आणखीच वाईट वाटला. "काल रात्री माझ्या मागच्या दारातून पाणी आत आलं. आणि तू आज शिंपले काढतेस?"

"तारीख ठरलेली असते."

"तारीख," ती म्हणाली, नावडत्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तशी. "आमचा आरवेल गोदामात खोकी उचलतोय दोन वर्षं. झोपेत अजून हात हलवतो, जाळं ओढतोय असा. माझी लेक म्हणते, मम्मी, एक दिवस हा मलाच बोटीत ओढणार. तुझ्या बापाला सांग, परत बोटीवर बोलाव म्हणावं माझ्या जावयाला."

"वाफ्याला अ वर्ग मिळाला की बोलावतील."

"मिळेल गं." तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तू आहेस ना."

मी पेटी मांडीवर घेतली, ठोकळे परत जागेवर बसवले आणि थर्मामीटरची सुई दोन शिंपल्यांच्या मधे खुपसली. सहा पूर्णांक आठ. नियम साधा आहे: प्रयोगशाळेच्या काउंटरवर पोचताना नमुना दहा अंशांखाली हवा. वर गेला तर बाद, कारण मग जंतू पाण्यातून आले की वाटेत वाढले, हे सांगता येत नाही. बाद झालेला नमुना पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतात आणि त्याबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही. बसला गचके बसतात, व्हॅन बंद पडतात. आमची व्हॅन बंद पडली होती म्हणून तर मी बसमध्ये होते. सहा पूर्णांक आठ, म्हणजे नमुना उत्तम होता. हे मला दिसलं, आणि त्याच क्षणी, त्याच आकड्याच्या मागून, दुसरी गोष्ट दिसली. पेटी उघडली होती. सगळ्या बसने ते पाहिलं होतं.

प्रयोगशाळा टेकडीच्या माथ्यावर आहे. मी एक थांबा आधी उतरले. का उतरले, हे तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पेटी नीट लावायची आहे. बंद पडलेल्या चॅपलच्या भिंतीला लागून एक बाक आहे, दक्षिणेकडे तोंड करून. मागची भिंत काळ्या पाटीच्या दगडाची, आणि तो दगड ऊन धरून ठेवतो. बाकावर बसले तेव्हा पाठीला ऊब लागली. मी झाकण काढलं. ठोकळे बाहेर काढून बाजूला ठेवले, ते नीट बसवायला म्हणून, आणि मग बसवले नाहीत. सुई आत होतीच. सात पूर्णांक एक.

मी काही करत नव्हते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, तिला कुणी सांगावं लागत नाही. भिंत गरम होती, शिंपले थंड होते आणि मी थर्मामीटर धरलेली व्यक्ती होते. विद्यापीठात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की निरीक्षण करणाऱ्याने हात लावायचा नाही. माझे हात मांडीवर होते. सात पूर्णांक चार.

सकाळी धक्क्यावर डॅडनी मला बोटीत चढायला हात दिला नव्हता. एरवी देतात. खरं तर डॅडचा हा वाफा, समुद्रतळावरचं हे शिंपल्यांचं शेत, तपासायला माझ्याकडे नाहीच. बाप आणि मुलगी, तेव्हा मी नोकरीला लागल्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं आणि त्यांनी तो प्रिसला दिला होता. काउन्सिलमध्ये नमुने घेणारे आम्ही दोघेच. पण मागच्या आठवड्यात प्रिसच्या पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी त्याला नाताळपर्यंत आडवं केलं, आणि साहेब म्हणाले, "जा गं तूच, शिंपलेच तर आहेत." शिंपलेच तर होते. वर्षभराचे सगळे नमुने चांगले आले होते, हा शेवटचा. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलायचा आकडा सातशेच्या वर एकदा जरी गेला तरी वाफा ब वर्गातच राहतो. पूर्वी ब वर्गाने कुणाचं काही अडत नव्हतं. शिंपले ब वर्गाच्या पाण्यातून निघायचे, दुपारी ट्रकमध्ये चढायचे, दुसऱ्या दिवशी हॉलंडमधल्या यरसेका गावात उतरायचे, तिथले लोक ते आपल्या स्वच्छ खाडीत धुऊन घ्यायचे आणि ब्रसेल्सच्या हॉटेलांत लोक ते तळलेल्या बटाट्यांबरोबर खायचे. सगळा एकच बाजार होता, तेव्हा कुठे धुतले याला महत्त्व नव्हतं. मग आपला देश त्या बाजारातून बाहेर पडला, आणि बाहेरच्यांसाठी त्यांचा जुनाच नियम होता: अ वर्गाचे असतील तर आणा, नाहीतर घरी धुऊन आणा. घरी धुतलेला शिंपला दोनदा हाताळलेला असतो, दमलेला असतो, वाटेत तोंड उघडतो. यरसेकाचा वाउटर, ज्याने डॅडकडून सव्वीस वर्षं माल घेतला, तो फोनवर रडवेला होऊन म्हणाला होता, "हेविन, दमलेले शिंपले मी कुणाला विकू?"

"आज नको, नेस्ट," डॅड सकाळी म्हणाले. इंजिन चालू होतं, त्यांना ओरडावं लागत होतं, आणि ओरडून विनंती करता येत नाही. "दोन दिवस थांब. रात्री सांडपाण्याचा पाइप वाहिलाय. मला वास येतोय."

"तारीख मी ठरवलेली नाही, डॅड."

"बदलू तर शकतेस."

"पाऊस झाला की थांबायचं, तर मग मोजायचं कशाला? पाणी आहे तसं मोजायचं."

"पाणी आहे तसं!" ते हसले, पण तोंडानेच. "पावसानंतर दुसऱ्या दिवशी घाण असतं, चौथ्या दिवशी स्वच्छ असतं. दोन्ही खरंच आहे की. तुम्हा शिकलेल्यांना एकच खरं का लागतं गं?"

"कारण तुम्ही माल दुसऱ्या दिवशीसुद्धा काढाल."

 त्यांनी बोट वळवली आणि नमुन्याच्या ठरलेल्या जागेवर आणून उभी केली. मी नकाशाकडे बघत होते, ते बघतही नव्हते, आणि तरी बोट जिथे हवी तिथेच होती. थोडी वरच्या अंगाला, पुलाकडे सरकवली असती तर पाणी जरा बरं मिळालं असतं, आणि भरतीच्या ओढीत मला ते कळलंही नसतं. त्यांनी ती हातभरही सरकवली नाही. लोखंडी जाळं सोडलं, ओढलं, चिखलाने माखलेले शिंपले माझ्या पायांपुढे ओतले आणि म्हणाले, "घ्या मॅडम."

सात पूर्णांक नऊ. भिंतीपलीकडे चॅपलच्या आवारात कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. मी सुई जरा हलवून पुन्हा खुपसली, दुसऱ्या जागी, कारण एका जागेचा आकडा फसवा असू शकतो. आठ पूर्णांक एक. दुसऱ्या जागीही तेच.

ट्रक परत आला त्या जानेवारीत मी विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी होते. देश बाहेर पडून तीन आठवडे झाले होते. डॅडना वाटलं होतं, नियम कागदावर आहेत, बंदरावरची माणसं ओळखीची आहेत, जाईल. पंधरा टन माल पलीकडच्या बंदरावर अडला, तिथे उभा राहिला, मग वळवला गेला आणि धक्क्यावर परत आला. ट्रकचं मागचं दार उघडायच्या आधीच आरवेलने तोंडावर मफलर घेतला. पंधरा टन शिंपले एकाच वेळी तोंड उघडून मरतात तेव्हा जो वास येतो त्याला मी रासायनिक नावं देऊ शकते, दोन-तीन अमाइनं, थोडं गंधकाचं संयुग, पण त्या दिवशी ती नावं माझ्या कामाला आली नाहीत. डॅड ट्रकमध्ये चढले आणि वरच्या पिशवीत हात घालून चाचपू लागले. एकेक शिंपला दाबून बघत होते, अजून एखादा मिटतोय का. खूप वेळ बघत होते. शेवटी आरवेल म्हणाला, "कप्तान, खाली या. मेलेल्यांची नाडी काय बघता!" आणि डॅड खरोखर हसले, आणि त्यांना उतरताना मी हात दिला.

त्यांनी बाहेर पडायला मत दिलं होतं. हे मी कुणी विचारलं तर सांगत नाही, आणि इथे बँगोरमध्ये कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात त्यांनी बोटीच्या डोलकाठीवर मासेमारांचा झेंडा लावला होता. किती मासे पकडायचे त्या कोट्यावरून चाललेलं मासेमारांचं भांडण त्यांचं नव्हतंच. शिंपल्यांना कोटा नसतो, शिंपले कुठे पळूनही जात नाहीत. पण धक्क्यावरच्या पबमध्ये मासेमार त्यांना 'शेतकरी' म्हणायचे. "काय शेतकरीबुवा, पीक कसंय यंदा? खत घातलंत का?" हे तीस वर्षं चाललं होतं. मला वाटतं, माझ्या बापाने एकदाच, एका सकाळी, मतदानाच्या खोलीत, मासेमार व्हायचं ठरवलं. हे मी कधी त्यांना विचारलं नाही. विचारण्यासारखं ते राहिलंही नाही, कारण ट्रक परत आल्यावर पबमध्ये त्यांना कुणी शेतकरी म्हणेना. सगळे फार नीट वागू लागले. ते त्यांना सहन झालं नाही आणि त्यांनी पबमध्ये जाणं सोडलं.

आठ पूर्णांक सहा. आता ते सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावरच्या सुट्टीच्या बंगल्यांमधले गरम पाण्याचे हौद साफ करतात. मँचेस्टरहून लोक येतात, रात्री हौदात बसून दारू पितात, सकाळी डॅड जाऊन पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवतात आणि रंग बघतात. एकदा मला म्हणाले, "बघ, आपण दोघं आता एकाच धंद्यात." बोट मात्र ते रोज सकाळी चालू करतात, दहा मिनिटं इंजिन फिरवतात. वेक्सफर्डचा एक आयरिश माणूस दोनदा येऊन बघून गेला. आयर्लंड बाजाराच्या आतच आहे, तिथल्या ब वर्गाच्या शिंपल्यांना कुणी अडवत नाही. तीच बोट, तेच जाळं, समुद्राच्या त्या काठाला नेलं की पुन्हा कामाचं. त्याने महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं आहे. डॅडनी त्याला सांगितलंय, "शेवटचा नमुना येऊ दे. अ वर्ग आला तर बोट विकायची नाही."

महिना संपायला अजून बारा दिवस होते. आज बाद, पुढच्या आठवड्यात नवा नमुना, हवामान कोरडं, चौथ्या दिवसाचं स्वच्छ पाणी. तेही खरंच पाणी. डॅडच म्हणाले होते, दोन्ही खरंच आहे. मी हे मनात मांडून पाहिलं आणि मला त्यात चूक सापडेना, आणि चूक सापडत नाही याचीच भीती वाटू लागली. प्रयोगशाळेत आकडा फार सुंदर आला की आम्ही आधी भांडं तपासतो. नऊ पूर्णांक एक. एका शिंपल्याने तोंड किंचित उघडलं होतं, आत नारिंगी कड दिसत होती. त्याला कळत नव्हतं हे पाणी नाही, ऊन आहे. ठोकळे अजून गोठलेले होते. परत आत ठेवले असते तर पाच मिनिटांत आकडा उतरला असता, आणि मग मी ज्याला काही न करणं म्हणत होते ते खरोखरच काही न करणं ठरलं असतं. मी ठोकळ्यावर हात ठेवला. तळवा बधिर होईपर्यंत ठेवला. नऊ पूर्णांक पाच. आंटी बेरिलचा हात माझ्या गुडघ्यावर होता तिथे अजून जडपणा वाटत होता. तू आहेस ना. लोक हे किती सहज म्हणतात, आणि ज्याला म्हणतात त्याने मग तिथे असायचं असतं. नऊ पूर्णांक आठ. गवत कापण्याचं यंत्र थांबलं. मी आकड्याकडे बघत होते आणि आकडा माझ्याकडे बघत नव्हता, तो नुसता चढत होता. आणि दहावर तो इतका वेळ थांबला की मला वाटलं, आता हाच माझ्या वतीने ठरवून टाकतो. मग दहा पूर्णांक एक झाला.

मी ठोकळे आत ठेवले, झाकण लावलं आणि टेकडी चढले.

काउंटरवर प्रयोगशाळेतली मारेद होती. तिने स्वतःची सुई घातली, ती कुणाच्या शब्दावर जात नाही. "दहा पूर्णांक तीन. अरेरे. काय झालं?"

"बसने गचका दिला. पेटी उघडली."

"या शहरात स्कूटरवाल्यांना समुद्रात बुडवायला हवं." तिने पिशवी उचलली आणि बाद नमुने टाकायच्या पिवळ्या डब्याकडे वळली. "पुढच्या आठवड्यात आण. हेविनचं नशीब म्हणायचं, नाही का? काल एवढा पाऊस!" ती हे सरळपणे म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही.

"मारेद, नुसतं मोजून बघता येईल? नोंद नको. मला बघायचंय."

"काय बघणार? बाद नमुन्याचा आकडा म्हणजे कुणाचाच आकडा नाही." डब्याचं झाकण पडलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की तो आकडा चारशेही असू शकला असता. दोनशेही. काल वारा दक्षिणेचा होता, पाइपचं पाणी पलीकडच्या काठाला गेलं असेल. मी संपूर्ण वेळ एका आकड्याला घाबरत होते जो कुणी मोजलाच नव्हता, आणि आता कुणी मोजणार नव्हतं. असा निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही काढला नसता.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि डॅडना फोन केला. मागे पंपाचा घरघराट येत होता, म्हणजे ते बेटावर होते, कुठल्यातरी हौदाजवळ.

"नमुना बाद झाला, डॅड. बसमध्ये पेटी पडली, उघडली. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ. हवा कोरडी आहे म्हणतात."

"तुला लागलं नाही ना?"

"नाही."

"किती भरलं?"

"दहा पूर्णांक तीन."

पंप चालत राहिला. माझ्या बापाने आयुष्यभर शिंपले पेट्यांतून, ट्रकांतून, बोटींतून पाठवले आहेत. गार माल किती वेळात किती गरम होतो हे त्यांना कुठल्याही सूत्राशिवाय ठाऊक आहे, हे मी विसरले नव्हते. मला वाटलं होतं ते विचारणार नाहीत.

"आणि पेटी पडली तेव्हा?"

एकच आकडा बदलायचा होता. नऊ म्हणायचं होतं. माझ्या तोंडात नऊ तयार होता, जिभेला त्याचं वजन लागत होतं.

"सहा पूर्णांक आठ," मी म्हणाले.

त्यांनी पंप बंद केला. आता पलीकडून फक्त पाण्याचा बारीक आवाज येत होता.

"मी तुझ्याकडे दोन दिवस मागितले होते," ते म्हणाले. "तू दिले नाहीस. बरं केलंस. हे मी मागितलं नव्हतं, नेस्ट."

"डॅड, पुढच्या आठवड्यात पाणी स्वच्छ असेल. खरंच स्वच्छ. त्यात खोटं काहीच नाही."

"पुढचा नमुना प्रिस घेईल."

"प्रिस नाताळपर्यंत उठत नाही!"

"मग नाताळात घेईल."

"तो आयरिश माणूस तोवर थांबणार नाही."

"नाही थांबणार." ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मी भांडले असते. "तू बोटीवर असताना मी जाळं टाकायचं नाही. टाकलं तर जे वर येईल ते काय आहे, ते मला तरी कळेल का? तुला कळेल?"

मी खाली पाहिलं. टेकडीवरून सामुद्रधुनी दिसते. ओहोटी लागली होती आणि वाफे उघडे पडत होते, काळे, लांबट, ओल्या उन्हात चमकणारे, वरून बघताना त्यांतला कुठला स्वच्छ आणि कुठला नाही ते सांगता येत नव्हतं.

"पेटी धुऊन टाक," डॅड म्हणाले. "गोड्या पाण्याने. नाहीतर वास बसतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पेटी उघडली. तळाशी बोटभर पाणी साचलं होतं, ते पायरीवर ओतलं. आतून पेटीला कसलाच वास येत नव्हता. मी दोनदा हुंगून पाहिलं.